नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनात एम.एस्सी. करावं का? (भाचीसाठी विचारतेय)

मंजिरी_सातारा

माझी भाची कराडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. उन्हाळ्यात माण तालुक्यात कसल्याशा शिबिराला गेली आणि आल्यापासून एकच धोशा लावलाय, नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनातच एम.एस्सी. करणार. माती, पाणी, जंगल, कुरणं आणि त्यावर जगणारी माणसं असं सगळं एकत्र शिकवतात म्हणे.

घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते, शिकू दे. दाजींचं म्हणणं, बी.एड. कर नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस. माती-पाण्याचं व्यवस्थापन माझ्या आज्यानंही केलं, त्याला कुणी पदवी दिली नव्हती. दोघंही मला फोन करतात आणि दोघांनाही माझ्याकडून आपल्या बाजूचंच उत्तर हवं असतं.

तर जाणकारांनो, विद्यापीठात नक्की शिकवतात काय? नोकरी कोण देतं? आणि मुलीला खेडोपाडी फिरावं लागणार, ते कितपत झेपतं?

---

टवाळ

आमच्याकडे नैसर्गिक संसाधन म्हणजे वाळू. व्यवस्थापन रात्री अकरानंतर, ट्रॅक्टरनं. पदवी लागत नाही, फक्त नंबरप्लेटवर चिखल लागतो.

---

पाझर

टवाळ, सुरुवात झकास केलीत. :)

मंजिरीताई, मी पाणलोटाच्या कामात आहे आणि आमच्या संस्थेत नव्या मुलांच्या मुलाखती घेतो, म्हणून सांगतो.

नाव कुठे 'संसाधन व्यवस्थापन', कुठे 'पर्यावरणशास्त्र', कुठे 'शाश्वत उपजीविका'. आत मात्र साधारण तीन गोष्टी असतात. एक, शास्त्र: मृदाशास्त्र, जलविज्ञान, भूजल, परिसंस्था, उपग्रहाच्या प्रतिमा वाचणं, संगणकावर नकाशे करणं. दोन, कायदा आणि अर्थशास्त्र: पेसा १९९६ (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा), जैवविविधता कायदा २००२, वनहक्क कायदा २००६, आपल्याकडचा भूजल कायदा २००९. तीन, गावात जाऊन राहणं. तिसरी गोष्ट ज्या अभ्यासक्रमात नावापुरती आहे तिथे जाऊ नका. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकातूनही येतात.

मुलाखतीत मी सरळ विहिरीवर नेतो. टेप हातात देतो आणि म्हणतो, पाणी किती खोल आहे सांग. सुवर्णपदकवाले कठड्यावरून टेप सोडतात, ओला झालेला आकडा वाचतात आणि मोकळे होतात. कठड्याची उंची वजा करायची असते हे सुचतच नाही. शेजारच्या विहिरीचा कठडा दोन फूट जास्त उंच असला की यांच्या नकाशात पाणी चढावर वाहायला लागतं! जिला हे शिकवलेलं असतं ती मुलगी मग न सांगता पुढचं विचारते: मोटर किती एचपीची, सलग किती तास चालते, उन्हाळ्यात उपसल्यावर परत भरायला किती वेळ लागतो, खोदताना काळा पाषाण किती फुटांवर लागला, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक लागला का. आपल्या दख्खनी बेसाल्टात सगळी गंमत तिथेच आहे. सलग काळ्या पाषाणात पाणी राहतं फक्त भेगांत, सच्छिद्र थरात त्याला जागा मिळते. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडे विहीर भरलेली आणि पलीकडे ठणठणीत.

मार्कशीट मी नंतर बघतो.

---

आकडेमोड

पाझर यांनी शिकण्याचं सांगितलं, मी पोटाचं सांगतो. कडू लागेल.

या नावाची पदवी सरकारी जाहिरातीत जवळजवळ कुठेच नसते. मृद व जलसंधारण खात्यात जलसंधारण अधिकारी व्हायचं तर स्थापत्य अभियांत्रिकी लागतं. कृषी खात्याला कृषी पदवी लागते. कृषी विद्यापीठांत (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) मृदाशास्त्र किंवा वनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आहे, पण तिथेही बी.एस्सी. कृषी किंवा वनशास्त्रवाल्यांनाच वाट. वनस्पतिशास्त्रवाल्यांना बहुतेक दारं बंद.

तुमच्या भाचीची जमेची बाजू तिच्या आत्ताच्या पदवीत आहे. भारतीय वन सेवेला पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक विषय लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी. म्हणजे ती आजच पात्र आहे, पुढच्या एम.एस्सी.चं नाव काहीही असो. दाजींना हे सांगा, अर्धं भांडण मिटेल.

बाकी नोकऱ्या स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक निधी, सल्लागार कंपन्या, सरकारी प्रकल्पांतली कंत्राटी पदं अशा असतात. प्रकल्प संपला की पगार संपला. माझा मावसभाऊ यातच आहे. दर दोन-तीन वर्षांनी नवा जिल्हा आणि नवं बँक खातं.

---

निवृत्त_रानगडी

आकडेमोड यांच्या म्हणण्याला जोड. वन सेवेच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं, महिलांना १४. पुस्तकी पोरं इथे पाय धरून बसतात. आजपासून रोज पहाटे चालायला सांगा, काहीच जमलं नाही तरी तब्येत सुधारेल.

आमच्या वेळी प्रशिक्षणात झाडं, लाकूड, घनमीटर हेच मुख्य. गावकरी म्हणजे 'अतिक्रमण'. गावाशी बोलायचं कसं हे कुणी शिकवलं नाही, ते आम्ही मार खाऊन शिकलो (शब्दशः, एकदा). आता जे अधिकारी अशा अभ्यासक्रमातून येतात त्यांच्यात फरक दिसतो. हाताखाली एक मुलगा होता, वणव्याच्या हंगामाआधी स्वतः गावात जाऊन मोहफुलं वेचणाऱ्या बायकांशी बोलला. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तीच आग पुढे जंगलात पसरते. पाला झाडून एका बाजूला करायचा आणि त्या बदल्यात काही झाडांखाली खात्यानं साफसफाई करून द्यायची असं ठरलं. त्या उन्हाळ्यात त्या बीटात आगी कमी लागल्या. अहवालात ते यश 'जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) काढल्यामुळे' असं गेलं, ते सोडा.

---

बांधावरून

मी शेतकरी, पारनेरकडचा. हे विद्यार्थी आमच्याच गावात येतात, म्हणून आमची बाजू ऐका.

दरसाल नवी तुकडी. पोरं गुणी असतात, टोप्या घालून येतात, पाणी विचारून पितात. चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावतात. मग धान्याचे दाणे देतात, म्हणे ज्या वस्तीवरून जास्त लोक ऊसतोडीला जातात तिथे जास्त दाणे ठेवा. मागच्या खेपेला आम्ही ठेवले. तेवढ्यात शेजारणीच्या कोंबड्या आल्या आणि निम्मं स्थलांतर टिपून गेल्या. त्या पोरीनं बिचारीनं वहीत काय लिहिलं असेल देव जाणे.

हसण्यावारी नेलं, पण राग वेगळाच आहे. दरसाल तेच प्रश्न: जमीन किती, शेळ्या किती, पाणी कुठून. अहो, मागल्या वर्षीच्या पोरांना विचारा की! अहवाल लिहितात, पुण्याला नेतात, मार्क पडतात. गावाला एक कागद परत आलेला नाही. माझ्या विहिरीचं पाणी इतक्या जणांनी मोजलं, मला एकानंही आकडा सांगितला नाही.

---

सध्या_हॉस्टेलवर

बांधावरून काका, मी त्याच 'टोप्या घातलेल्या' जमातीतली. पहिल्या वर्षाला आहे. तुमचा राग बरोबर आहे. आमच्या सरांनी यंदा नियम केलाय: गावातून निघण्याआधी ग्रामसभेत किंवा निदान पारावर जे मोजलं ते मराठीत मांडायचं, त्याशिवाय शेवटचे गुण नाहीत. मांडताना आमची अशी भंबेरी उडाली! 'पायाभूत प्रवाह' म्हटल्यावर एक आजोबा म्हणाले, 'ओढा दिवाळीनंतर किती दिवस वाहतो तेच ना? मग तसं बोल.'

मंजिरीताई, मुलींचं विचारलंत म्हणून लिहिते. काम झेपतं, सोयी झेपत नाहीत. सगळ्यात मोठी अडचण स्वच्छतागृहाची. सकाळी शिवारफेरीला निघालं की दुपारपर्यंत काही नाही, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत आणि उन्हानं आजारी पडतात. आम्ही भांडून वेळापत्रक बदलून घेतलं: फेरीच्या मधोमध एखाद्या वस्तीवर तास दीड तास थांबायचं, घरातल्या बायकांशी बोलायचं. मुलाखतीसुद्धा तिथेच चांगल्या होतात. दुसरी अडचण शेवटची एसटी. ती चुकली की मुक्काम, आणि मुक्काम कुठे हे आधी ठरलेलं हवं. प्रवेश घेण्याआधी विभागाला बेधडक विचारा, क्षेत्रभेटीला मुलींची राहण्याची सोय कोण बघतं. 'तसं काही अडत नाही' असं उत्तर आलं तर समजा की कुणीच बघत नाही.

---

शेवगा

प्रश्न: यात शेततळ्यांबद्दल शिकवतात का? आमच्याकडे प्रत्येक जण घेतोय.

---

पाझर

शिकवतात, आणि तिथेच वर्गात भांडणं लागतात. शेततळं म्हणजे पळणारं पावसाचं पाणी अडवून ठेवायची जागा. प्रत्यक्षात काय होतं? खाली प्लास्टिक अंथरायचं, आणि दिवाळीच्या सुमारास विहिरीतून, बोअरमधून मोटरीनं उपसून तळं भरून ठेवायचं. जमिनीतलं, सगळ्या शिवाराच्या वाट्याचं पाणी उचलून उन्हात आपल्या नावावर साठवायचं. त्यातलं बरंचसं बाष्प होऊन जातं ते वेगळंच.

---

बांधावरून

हे ऐकलं की डोकं फिरतं. माझं तळं आहे, विहिरीतूनच भरतो. मी नाही भरलं तर पाणी जमिनीत माझी वाट बघत थांबणार आहे का? शेजारी तीन बोअर, एकेक सातशे-आठशे फूट. तो उपसणार आणि मी पुस्तकातला आदर्श शेतकरी म्हणून डाळिंब वाळवू? शहरात बसून 'सगळ्यांचं पाणी' म्हणायला सोपं आहे.

---

आकडेमोड

काका, कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला म्हणजे बोअरला शेतीसाठी बंदीच आहे. साधारण दोनशे फूट. २००९चा कायदा.

---

बांधावरून

हो का? मग तो कायदा बोअरच्या गाडीला दाखवा. ती रात्रीची येते.

---

टवाळ

वाळूचा ट्रॅक्टर परत निघाला की बोअरची गाडी आत येते. यालाच एकात्मिक व्यवस्थापन म्हणतात.

---

दुसरा_चहा

बांधावरून आणि पाझर दोघंही बरोबर आहेत आणि हा सगळा विषय त्या भांडणातच आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, थोडं लांबण लावतो.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं की सामायिक कुरणात प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण संपतं. 'मी नाही उपसलं तर शेजारी उपसणार' हे काकांचं वाक्य तेच सांगतं. उपाय म्हणून एकतर खाजगी मालकी नाहीतर सरकारी दंडुका, असं लोक धरून चालले. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी जगभर फिरून दाखवलं की तिसरी वाटही आहे. नेपाळातले पाट, स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं लोकांनी स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या टिकवली आहेत. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

मुलांना मी नेपाळआधी आपलं सांगतो. धुळ्याकडे पांझरेवरची फड पद्धत घ्या. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, त्याची मजुरी शेतकऱ्यांकडून. शेजाऱ्यानं मनाला येईल ते लावायची सोयच नाही. पुरंदरमध्ये विलासराव साळुंख्यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणशी: डोई अर्धा एकर भिजेल इतकं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि हिवरे बाजार तर काकांच्या उशालाच. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पाऊस किती झाला हे मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीची पिकं ठरतात.

पर्जन्यमापक पंचायतीच्या अंगणात, आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग नियम पाळायला लावायला पोलीस लागत नाही.

---

बांधावरून

हिवरे बाजार मला सांगू नका, माझी सासुरवाडी त्या बाजूची आहे. तिथे पोपटरावांसारखा माणूस आणि लोकांची तयारी दोन्ही होतं. आमच्या ग्रामसभेत कोरम भरायला चहा ठेवावा लागतो.

पण फडाचं माहीत नव्हतं. ते पटलं.

---

शेवगा

म्हणजे मी शेततळं घेऊ की नको??

---

टवाळ

शेवगा, घ्या. कडेनं तुमचंच झाड लावा.

---

कुरखेडाकर

धाग्यावर सगळं पाणीच पाणी चाललंय, जंगल कुणी घेईना, म्हणून गडचिरोलीहून लिहितो.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, साधारण अठराशे हेक्टर. पण हक्काचा कागद आला म्हणजे झालं असं नाही. बांबू आपला झाला, तरी वाहतूक परवाना वन खात्याकडेच अडकलेला. २०११च्या एप्रिलमध्ये जयराम रमेश केंद्रात मंत्री असताना स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा गाडी हलली. त्यानंतर जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभांना हक्क मिळाले. आता खरं काम सुरू झालंय, आणि तुमच्या भाचीसारख्यांची गरज तिथे आहे.

बांबूची कापणी किती वर्षांच्या फेऱ्यानं करायची, बेटातले कोवळे कोंब कसे राखायचे, तेंदूचा लिलाव लावताना करारात काय लिहायचं, ठेकेदारानं बोनस बुडवला तर दाद कुठे मागायची, आलेल्या पैशाचा हिशेब ऑडिटला टिकेल असा कसा ठेवायचा, व्यवस्थापन आराखडा कसा लिहायचा. आमच्या लोकांना जंगल पाठ आहे, पण कागद अंगावर येतो. शहरातून पदवी घेऊन येणाऱ्यांचं उलटं. धावडा आणि येन ओळखता येत नाही, आणि आराखडा मात्र साठ पानांचा.

एक ताई आल्या होत्या इथे. पहिले काही महिने फक्त ग्रामसभेत मागे बसायच्या. गोंडी येत नव्हती, शिकल्या. तेंदूच्या हंगामात फळीवर बसून पुडकी मोजायला लागल्या. फळी म्हणजे संकलनाची जागा, तिथे संध्याकाळी पानं वाळत घालतात. मुनशी मोजताना 'हे पुडकं खराब, ते फाटकं' म्हणत किती बाजूला काढतो, याची त्यांनी घरनिहाय नोंद ठेवली आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवली. पुढच्या हंगामात ग्रामसभेनं मोजायला आपलाच मुलगा बसवला. एवढंच. पण ते काम साठ पानांच्या आराखड्यानं झालं नसतं.

---

निवृत्त_रानगडी

कुरखेडाकर, मोजणीचं अगदी खरं आहे. खात्यात राहून ते मी आतून पाहिलंय, जास्त बोलत नाही.

धावडा-येन ओळखण्याचं मात्र भाचीला जड जाऊ नये, वनस्पतिशास्त्र आहे तिचं. फक्त वाळवलेला नमुना ओळखणं वेगळं आणि उन्हाळ्यात पान नसताना सालीवरून ओळखणं वेगळं. येनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, एकदा बघितली की विसरत नाही.

---

राईनकाठी

जर्मनीतून लिहिते. मी कोलोनच्या टेक्निकल विद्यापीठात हाच विषय केला. उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी संसाधन व्यवस्थापन असाच अभ्यासक्रम आहे, वर्गात आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आशिया, सगळीकडचे लोक. इंग्रजीत चालतो.

पैशाचं स्पष्ट सांगते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सत्राला थोडी वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो, सध्या ११,९०४ युरो. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकसनशील देशांसाठीची शिष्यवृत्ती आहे, पण तिला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणून लगेच परदेशाच्या मागे लागू नका. आधी काम, मग अर्ज.

तिकडच्या अभ्यासातलं सगळ्यात काय लक्षात राहिलं तर एम्शर नदी. रूरच्या कोळसापट्ट्यातली ही नदी शंभरेक वर्षं उघडं गटार होती. खाणींमुळे जमीन खचायची, म्हणून भुयारी गटारं घालता येत नव्हती, सगळं सांडपाणी नदीत. खाणी आटल्या आणि १९९२च्या सुमारास ती परत नदी करायचं काम काढलं, साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास खर्च, २०२१ अखेर सांडपाण्यापासून मोकळी झाली. हे सगळं पाहणारी संस्था १८९९ सालची, आणि तिचे सभासद कोण? काठावरच्या नगरपालिका, खाणी, कारखाने. जो घाण करतो तोही वर्गणीदार. वर दुसरा_चहा यांनी फड आणि पाणी पंचायतीचं लिहिलंय ते वाचून मला हीच संस्था आठवली. मी पाणी पंचायतीबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते कोलोनमध्ये, एका केनियन वर्गमैत्रिणीच्या सादरीकरणात. पुण्यात वाढून!

---

आकडेमोड

राईनकाठी, उत्तम माहिती. एक विचारतो, परत आलात का? नाही ना? :) तिकडे शिकून माणचं काय होणार?

---

राईनकाठी

नाही आले. नवऱ्याची नोकरी इकडे. माण माझ्यावाचून अडलेलं नाही, ते माणचे लोक बघतील.

---

टवाळ

जोरदार. आकडेमोड, हिशेब चुकला.

---

पाझर

मूळ प्रश्नावर येऊ. 'कुठे' याचं कुणी नीट लिहिलं नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र: शाश्वत उपजीविका आणि नैसर्गिक संसाधनांचं शासन अशा धाटणीचा पदव्युत्तर अभ्यास, केंद्रच दुष्काळी भागात असल्यानं गाव बघायला बस करावी लागत नाही. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था: १९८२ची, कुठल्याही पदवीवर जाता येतं, पण कॅटसारखी परीक्षा आणि फी दोन्ही चढे, नोकऱ्या मात्र बऱ्या. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, सितारा म्हणतात त्याला, तिथे एम.टेक. आहे, मुख्यतः अभियंत्यांसाठी. आणि नोकरी सांभाळून करायचा असेल तर पुण्यात प्रकाश गोळ्यांनी सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीचा संसाधन व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम. भूजलात रस असेल तर पुण्यातच अ‍ॅक्वाडॅमची छोटी प्रशिक्षणं होतात.

माझं मत विचाराल तर तुळजापूर पहिलं, पुणे विद्यापीठ दुसरं. आणि प्रवेशाआधी एक वर्ष एखाद्या संस्थेत काम केलं तर सोन्याहून पिवळं.

---

आकडेमोड

'प्रवेशाआधी एक वर्ष काम' याला ठाम विरोध. मध्यमवर्गीय घरात मुलीचं एक वर्ष मोकळं गेलं की स्थळं यायला लागतात. सलग शिकू द्या.

---

सध्या_हॉस्टेलवर

आकडेमोड दादांशी पहिल्यांदाच सहमत. माझंही तेच झालं असतं.

---

मंजिरी_सातारा

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, टवाळ यांचेही.

काल ताई-दाजींसमोर सगळा धागा वाचून दाखवला. वन सेवेला भाची आत्ताच पात्र आहे हे ऐकून दाजींचा चेहरा उजळला. मग २५ किलोमीटर ऐकून पडला, मग मुलींना १४ आहे म्हटल्यावर परत उजळला. कोंबड्यांचा किस्सा तर तीनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाले, 'शिकू दे, पण फॉर्म दोन्हीचे भरायचे.' म्हणजे एम.एस्सी.चा पण आणि स्पर्धा परीक्षेचा पण.

भाचीचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: तुळजापूर की पुणे हे नंतर बघू, पण आत्ता सुट्टीत काय शिकून ठेवू?

---

पाझर

नकाशे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजपासून सुरू करा. स्वतःच्या गावाचा ओढा, विहिरी, उतार एवढंच काढायचं. आणि गावातल्या दहा-बारा विहिरींचं पाणी आत्ता आणि पावसाळ्यानंतर मोजून ठेवायचं. कठडा वजा करून!

---

कुरखेडाकर

आणि गावचा सात-बारा, आठ-अ, गायरानाचा उतारा वाचायला शिका. कुठली जमीन कुणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय कुठलंही व्यवस्थापन होत नाही. तलाठ्याकडे दोन फेऱ्या मारल्या की निम्मा अभ्यासक्रम होतो.

---

बांधावरून

मोजलं की ज्याची विहीर त्याला आकडा सांगायचा. तिथल्या तिथे.

बाकी पारनेरला कधी आली तर आमच्याकडे उतरू दे. घरात संडास आहे, सून आहे, लेकी येऊन-जाऊन असतात. आणि माझं शेततळं बघून भांडायचं असेल तर जेवल्यावर भांडू म्हणावं.

---

शेवगा

माझ्या शेततळ्याचं कुणीच नीट सांगितलं नाही.

---

पाझर

शेवगा, तुमचं शिवार कुठलं, पाऊस किती, वरून ओघळ येतो का, आणि भरणार कशानं? वेगळा धागा काढा, तिथे बोलू. ओघळाच्या पाण्यावर भरत असेल तर मी स्वतः येऊन आखणी करून देतो.